सावकाराचं नाक

ज्यू सावकाराचं नाक करता करता रंगभूषाकाराच्या नाकी नऊ आले होते. सिनेमातला सावकार ज्यू, आणि रंगभूषाकारही ज्यूच. पण स्टुडिओत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलंही नव्हतं. हातचं काम कोण घालवतो? मेणाची तीन नाकं दिग्दर्शकानं नापास केली होती.

"बघताक्षणी शिसारी आली पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. "त्याचा धर्म वेगळा सांगायला लागता कामा नये."

मनातल्या मनात चार शिव्या हासडून रंगभूषाकार पुन्हा मेण मळायला बसला. डोकं तापलेलं, बोटं आपली चालत होती. दिग्दर्शकानं मागून डोकावून त्याची पाठ थोपटली.

"वा! कुठून आणलंस हे?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. साचा झाला, रोज नटाच्या तोंडावर ते नाक चढू लागलं आणि निम्मा सिनेमा उरकला.

मग एके दिवशी त्याचे वडील हट्टालाच पेटले. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. लेकाची कारागिरी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. कोट घालून ते नटाच्या खुर्चीमागे उभे राहिले. आरशात दोन चेहरे शेजारी आले आणि रंगभूषाकार एका नाकावरून दुसऱ्या नाकाकडे बघत राहिला. मधला उंचवटा, डावीकडचा कल, सगळं तेच. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून रोज सकाळी तोच त्यांची दाढी करायचा, दोन बोटांनी ते नाक हलकेच उचलून. बोटांना ते पाठ झालं होतं.

"आजोबा, नाक अगदी तुमच्यासारखंच झालंय, राग नका मानू हं," नट हसत म्हणाला. "सिनेमाच्या शेवटी लोक मला दगडांनी मारतात. थिएटरात टाळ्या पडणार बघा."

बाबांनी मान डोलावली. "छान बसलंय," ते लेकाला म्हणाले. "मापात आहे."

घरी जाताना त्याला राहवलं नाही. "बाबा, मी मुद्दाम नाही केलं."

"ठाऊक आहे रे. मुद्दाम केलं असतंस तर भांडलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखं गरम पाणी आणलं, बाबांच्या गालांना साबण लावला. नाकाकडे हात नेला तसं बाबांनी तोंड फिरवलं.

"दे तो वस्तरा. माझं मी करतो."

"हात थरथरतोय तुमचा."

"थरथरू दे."

त्यानं वस्तरा दिला. त्याला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तो टॉवेल धरून नुसता उभा राहिला. हनुवटीवरचा फेस लाल झाला तेव्हा त्यानं टॉवेल पुढे नेला. बाबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच टिपलं.