माळावरचं टिपाड

मी टिपाड बोलतोय. लोखंडी, बुडाशी चेपलेलं. आधी माझ्यात गाड्यांचं तेल असायचं. तेल संपलं तसं वारंगा फाट्यावरच्या एका गॅरेजमागे पडून होतो. शहाण्णव साली पुनमचंदनं मला विकत घेतलं, राखेनं घासलं आणि बैलगाडीवर चढवलं.

सेनगावजवळच्या तांड्याबाहेर त्याचा मुरमाड माळ होता. तिथं तीळसुद्धा धड येत नसे. वनीकरणाच्या योजनेतून सागाची रोपं फुकट मिळाली, खड्ड्यांची मजुरी मिळाली. झाडं जगली तर पुढची दोन वर्षं जोपासनेलाही मदत मिळणार होती. पुनमचंद आणि त्याची बायको रूपाबाई यांनी माळभर साग लावला. मी पाणी वाहू लागलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. पाहणीला आलेल्या साहेबांना निम्म्याहून जास्त रोपं वाळलेली दिसली.

"नियमच तसा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मदत बंद होईल."

जाताना ते माझ्यातलंच पाणी पिऊन गेले.

पुनमचंदनं मला गाडीवरून ढकलून दिलं. "आता काहून पानी घालती? नांगर फिरवू, येईल तेवढं सोयाबीन पेरू."

"मदत बंद झाली ते साहेबाला म्हाईत," रूपाबाई म्हणाली. "झाडाला कुठं म्हाईत हाय? ते जगून राहिलं."

बैल घेऊन तो निघून गेला. ती मैलभरावरच्या हातपंपावरून डोक्यावर घागरी आणून मला भरायची, मग तांब्या तांब्यानं एकेका झाडाला पाणी घालायची. तिच्या मानेला सूज आली. एका सकाळी पुनमचंद बैल जुंपून आला, मला उचलून गाडीवर ठेवून पंपाकडं निघाला. चुकलो, असं तो म्हणाला नाही. माणसं बहुधा म्हणत नाहीत.

उरलेले साग वाढले. दोन हजार सहा साली बांधकामासाठी सागाच्या बल्ल्या घेणारा व्यापारी मोटरसायकलवरून आला. सातबारा पुनमचंदच्या नावावर, म्हणून त्यानं पुनमचंदलाच विचारलं.

"माझ्याशी काय बोलता? झाडं तिची हायेत," पुनमचंद म्हणाला. "तिला इचारा."

रूपाबाईनं एका सागाच्या खोडावर हात ठेवला आणि मान हलवली. "न्हाई." व्यापारी गेला.

माझं बूड आता गळतं. खालच्या बांधाला रूपाबाईनं यंदा चिंचेची रोपं लावली आहेत, कुठल्याच योजनेची वाट न बघता. त्यांना पाणी लागेल. मला खुशाल भंगारात द्या. फक्त दुसरं टिपाड लवकर आणा.