कापलेला एक इंच

मी मापाची टेप बोलतेय. पिवळ्या रंगाची, काळ्या आकड्यांची. जन्मले तेव्हा साठ इंचांची होते, आता एकोणसाठ उरलेय. बावीस वर्षं मी एका बाईंच्या गळ्यात काढली आणि शेवटी त्यांनीच मला घातकी ठरवलं. म्हणून म्हटलं, माझी बाजूही कुणीतरी ऐकावी.

जन्माचं फारसं आठवत नाही. एका कारखान्यात लांबच लांब पट्टीवर आकडे छापले, आम्हा बहिणींना कापून वेगळं केलं आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी बसवली. मग एका माणसाने मला पोलादी पट्टीशेजारी ताणून धरलं, निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." तो शब्द मी आयुष्यभर जपला. बरोबर असणं, एवढंच तर आमचं काम!

माझ्या बाई कपडे शिवायच्या. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड आरसा. सकाळी केस बांधून झाले की बाई मला गळ्यात टाकायच्या आणि मगच दार उघडायच्या.

माप देताना माणसं किती गमतीची वागतात! पुरुष छाती फुगवतात, बायका पोट आत ओढतात. एक काकू दर वेळी म्हणायच्या, "आत्ताच जेवून आलेय हो, अर्धा इंच कमी धरा." बाई हसत नसत. म्हणत, "श्वास सोडा बघू. ह्या कपड्यात श्वास घ्यायचाय ना तुम्हाला?" आणि आकडा मोठ्याने न उच्चारता वहीत लिहीत. कुणाच्याही अंगाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

पुढे माझ्या एका टोकाची टोपी निघाली. तिथले धागे सुटायला लागले. बाईंनी सरळ कात्री उचलली, माझा पहिला इंच कापला आणि उसवू नये म्हणून टोकाला काळं कापड शिवून टाकलं. नवी टेप आणणं त्यांच्या जिवावर आलं. "हिच्यावर हात बसलाय माझा," म्हणाल्या. तेव्हापासून त्या टोकाने मोजलं की मी एक इंच जास्त दाखवू लागले. बाई मनातल्या मनात एक वजा करत. मी पस्तीस दाखवलं की त्या चौतीस लिहीत. कपडे बिनचूक बसत होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. मला मात्र रोज खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

बाईंना एक मुलगी. तान्ही असताना गुबगुबीत होती, म्हणून सगळे तिला गुबी म्हणत. ती सतरा वर्षांची झाली तरी नाव तेच राहिलं. शिवणकामात तिला काडीचा रस नव्हता. सायकलवरून तयार कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायची, तेवढंच.

मावशीच्या घरी लग्न निघालं, तेव्हा बाईंनी गुबीसाठी ड्रेस शिवायला घेतला. मावशी समोर बसलेली. बाईंनी मला गुबीच्या कंबरेभोवती धरलं आणि बहिणीकडे बघून म्हणाल्या, "हिच्या एकटीच्या कपड्यात मी दोघींना बसवीन गं!"

मावशी पोट धरून हसली. बाईही हसल्या. गुबीही हसली. पण मी तिच्या अंगाला लागून होते ना! तिने श्वास जो आत ओढला, तो मला काढून घेईपर्यंत सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आंघोळीला गेल्या तशी गुबीने मला खिळ्यावरून उतरवलं आणि पडद्याआड नेलं. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. एका छोट्या वहीत ती तारीख आणि आकडा लिहायची. पहिल्या पानावर मोठा 'सव्वीस' काढून भोवती गोल केला होता. हा आकडा तिने कुठल्याशा फोटोखाली वाचला होता.

आकडा उतरू लागला. आधी बाईंना बरं वाटलं. "चेहरा कसा रेखीव दिसतोय," म्हणाल्या. मग गुबीचे ओठ कोरडे पडले, भर दुपारी तिला थंडी वाजू लागली, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. मी सत्तावीस दाखवायचे आणि ती आरशाकडे बघून म्हणायची, "अजून एकच." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं पोरी, तो एक इंच तुझ्या अंगावर नाहीच! तो तुझ्या आईने केराच्या टोपलीत टाकलाय. पण टेपला आकडे असतात, तोंड नसतं.

एका दुपारी कापायच्या टेबलापाशी कापडाचं टोक धरून उभी असताना ती खाली कोसळली.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" गुबीला आठवेना. 

डॉक्टरीणबाई गेल्यावर गुबीच्या उशीखाली ती वही सापडली. बाई पानं उलटत गेल्या. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून सवयीने बोलून गेल्या, "सत्तावीस. म्हणजे सव्वीस."

गुबी उठून बसली. "म्हणजे काय?"

"टेपचा एक इंच कापलाय मी. एक वजा करावा लागतो."

गुबीने वही ओढून घेतली. तारखा पाहिल्या. "अकरा दिवस झाले, आई. अकरा दिवसांपूर्वीच सव्वीस झाली होती माझी." मग तिला रडू फुटलं. "आणि मला काहीच वाटलं नाही गं! आरशात तीच दिसत होते. तशीच. जाडी."

"असं काय घेऊन बसलीस डोक्यात? कोण म्हणालं तुला?"

"तू म्हणालीस! मावशीसमोर. गिऱ्हाइकांना कधी बोललीस का असं? त्या काकूंना? त्यांना म्हणतेस श्वास सोडा. मला का नाही म्हणालीस?"

 बाई इकडेतिकडे बघू लागल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्या मेलीनेच घात केला!" असं म्हणून त्यांनी मला गळ्यातून हिसडून काढलं आणि चिंध्यांच्या डब्यात भिरकावलं.

मी? मला कापलं कुणी? जिच्या मानेचा घाम बावीस वर्षं टिपला, तिने स्वतःच्या जिभेचा दोष माझ्या माथी मारावा? झाकण बसलं आणि मला अंधारात काही सुचेना.

झाकणाला एक फट होती. तिच्यातून पुढचं कळत राहिलं. गुबी कित्येक दिवस आईशी बोलली नाही. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढं हळूहळू खाऊ लागली. कधी अर्ध्यावरच ताट सारायची. बाई शेजारी बसून राहायच्या, आग्रह करायच्या नाहीत. लग्नाचा ड्रेस त्यांनी पूर्ण उसवून ठेवला. नवी टेप आली, पांढरी.

एके सकाळी बाईंनी ती नवी टेप लेकीच्या हातात दिली. "माझं माप घे."

"मला येत नाही."

"ये इकडे. खांद्यापासून सुरू कर."

गुबीने मोजलं. पुन्हा मोजलं. "डावा खांदा उतरलाय तुझा."

"तू माझ्या डाव्या कडेवर असायचीस आणि मी कापत असायचे. खाली ठेवलं की भोकाड पसरायचीस." बाईंनी तो खांदा चाचपला. मग म्हणाल्या, "तुझ्या अंगाला हसले मी. चुकलं माझं."

गुबीने कंबरेचा आकडा न बोलता वहीत लिहिला. मग म्हणाली, "गुबी म्हणालीस तरी ओ देईन. पण लोकांसमोर नको."

दोघींचा समेट झाला. मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण डबा कुणी उघडला नाही.

तो उघडला गेल्या आठवड्यात, तोसुद्धा माझ्यासाठी नव्हे. कपड्यांचा गठ्ठा बांधायला दोरी मिळेना, म्हणून बाईंच्या मुलीने हात घातला आणि मी हाताला लागले. तिने मला ओळखलं, क्षणभर थबकली. मग गठ्ठ्याभोवती दोन वेढे देऊन करकचून गाठ मारली आणि गठ्ठा सायकलच्या कॅरिअरवर ठेवला.

वाटेत मोठा चढ होता. "आज उतरायचं नाही," ती पुटपुटली. सायकल डुलत होती, साखळी करकरत होती, तिचा श्वास मोठ्याने आत-बाहेर होत होता. ती उतरली नाही. वर पोचल्यावर एक पाय जमिनीला टेकवून तिने घामेजल्या मांड्यांवर दोन थापा मारल्या. "शाब्बास गं, बायांनो!" म्हणाली आणि एकटीच हसली.

आता मी गठ्ठे बांधते. आकडे निम्मे पुसलेत. तुमच्या घरीही खिळ्याला माझी एखादी बहीण लटकत असेल. तिला कंबरेभोवती गुंडाळण्याआधी एवढंच विचारा, कपडा शिवायचाय का? नसेल शिवायचा, तर तिला तिथेच राहू द्या. नको ते काम आमच्याकडून करून घ्यायचं आणि वर आम्हालाच घातकी म्हणायचं, हे बरं नव्हे.

माझा राग गेलेला नाही. पण त्या चढावर मी गाठ सुटू दिली नाही, एवढं बाईंना कुणी सांगितलं तर बरं होईल.