चंद्राजवळचा ब्रेक

मानाग्वातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत इलेआना बाई सातवीला चांद्रमोहिमेचे टप्पे खुणांच्या भाषेत शिकवत होत्या. उड्डाण झालं, रिकाम्या टाक्या गळून पडल्या, यान चंद्राकडे निघालं. मग वेग कमी करून चंद्राभोवती फिरायला लागण्याचा टप्पा आला आणि बाई अडल्या, कारण त्याला खूणच नव्हती. त्यासाठीचा लांबलचक शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला आणि तो एकेक अक्षर करून बोटांनी दाखवत बसल्या. मुलं जांभया द्यायला लागली.

मागच्या बाकावरची याहोस्का उठली. "राहू द्या बाई, बोटं दुखतील तुमची," ती खुणेनं म्हणाली. तिनं डाव्या मुठीचा चंद्र केला. उजवा हात वेगानं आला, मुठीजवळ मंदावला आणि तिच्याभोवती फिरू लागला.

"आणि ब्रेक लागलाच नाही तर?" तिच्या शेजारच्या एलिएसेरनं विचारलं.

याहोस्कानं हात मुठीवरून सरळ पुढे नेला आणि टाटा केला. सगळा वर्ग हसला.

बाईंनी फळ्यावरचा शब्द पुसला आणि ती खूण स्वतः करून पाहिली. त्यांचा हात मुठीवर आपटला.

"यान फुटलं, बाई," याहोस्का म्हणाली. "परत करा. जरा हळू."