वरून दिसणारं दौंड

गिताबाईनं चादरीच्या चौथ्या कोपऱ्यावर वीट ठेवली, तरी मधला भाग वाऱ्यानं फुगतच होता. मग तिनं खाली जाऊन पाण्याचा भरलेला हंडा आणला आणि चादरीच्या बरोबर मध्ये टेकवला.

"हंडा काढ," पार्वतीबाई म्हणाली. "पोराला वाटंल, आईनं वाळवण घातलंय."

पार्वतीबाई शेजारची. तिला गच्चीवर कुणी बोलावलं नव्हतं, पण वस्तीत काही घडणार असलं की तिला बोलवावं लागत नसे. चादर लाल टाकायची, हाही तिचाच हुकूम. गिताबाईनं आधी कॉटवरची निळी काढली होती. पार्वतीबाईनं आजूबाजूच्या पत्र्यांकडं बोट दाखवलं. गळती लागू नये म्हणून सगळ्या गल्लीनं पत्र्यांवर निळं मेणकापड अंथरलेलं. "त्यात तुझी चादर कुठं वळखू यायची? लाल टाक, आंधळ्यालाबी दिसंल," ती म्हणाली, आणि बोलणं खरंच होतं. निळी पुन्हा कॉटवर गेली.

संघर्ष बारामतीला विमान चालवायला शिकत होता. दौंडच्या या वस्तीत रेल्वेच्या इंजिनावर चढलेली माणसं ढिगानं होती. विमानात बसलेला एकही नव्हता, आणि हा तर चालवणार होता. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा चौकात त्याचा फ्लेक्स लागला. उन्हानं फोटोतली टोपी पार पांढरी पडली, तरी तो उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही. गिताबाई भाजीला जाताना मुद्दाम त्या चौकातून जायची. लोकांनी आपल्याला बघावं असं तिला वाटायचं, यात लपवण्यासारखं काय आहे.

आठ दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता. येत्या रविवारी अकराच्या सुमाराला दौंडवरून जाणार. एकटाच, शेजारी शिकवणारे सर नाहीत.

"गच्चीवर चादर टाकते," ती म्हणाली होती. "बघशील ना?"

"टाक. बघतो."

अकरा वाजून गेले. ऊन डोळ्यांत शिरत होतं. रेल्वेच्या पुलाच्या बाजूनं कसलीशी घरघर आली. ट्रॅक्टर असेल, बोअरची गाडी असेल. पण पार्वतीबाईनं गिताबाईचा दंड धरला.

"ते बघ, ते बघ. गेलं बघ इमान."

गिताबाईनं पदर हातात धरून हलवला. तिला एक घार दिसली. घारीच्या पलीकडे पांढरं ऊन होतं, बाकी काही नाही. पण समोरच्या गच्चीवरची बायामाणसंही हात हलवत होती, खालची पोरं ओरडत होती, आणि एवढ्या सगळ्यांना दिसलं म्हणजे दिसलंच असणार. आपले डोळे तेवढे फुटके, असं म्हणत ती खाली आली.

व्हिडिओ दुपारी आला. तोवर पार्वतीबाई चार घरी बातमी द्यायला गेली होती, म्हणून गिताबाईला तो एकटीनं बघायला मिळाला. खालच्या कडेला घड्याळासारख्या तबकड्या, त्यांत हलणारे काटे. वर निळं आभाळ. विमान जरा कलंडलं आणि खाली नदी आली, नदीवरचा पूल आला, मग रुळांचा जुडगा. इतकं ते खरं होतं की तिनं कॉटची दांडी धरली.

दांडी धरली, आणि तिला वाटलं, हे आपण आधी कधीतरी केलंय.

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. नदी, पूल, रूळ. रुळांच्या पलीकडे घरं, सगळी उतरत्या लाल कौलांची. घरांच्या मागं काळसर, टोकदार झाडं. दौंडात असली झाडं कुठली? पण झाडं तिच्या ओळखीची होती. माहेरचं गाव ओळखावं तशी तिनं ती ओळखली, आणि कुठली ते काही केल्या आठवेना.

मग आठवलं. संघर्ष अकरावीला असताना घरात कॉम्प्युटर आला होता. त्यावर तो विमानाचा खेळ खेळायचा. टेबलाला एक काळा दांडा बसवलेला, तो ओढला की विमान वर, ढकलला की खाली. ती शेजारी कॉटवर तांदूळ निवडत बसायची. "बेल्ट लाव, आई," तो म्हणायचा, आणि ती पदर कमरेला खोचायची. विमान वळलं की तीही वळायची. एकदा तांदळाचं ताट मांडीवरून खाली गेलं होतं. तिचा नवरा साहेबराव दारातून बघत म्हणाला होता, "मायलेक निघाली वाटतं लंडनला."

एकदा ती म्हणाली होती, "मला लंडन नगं. आपलं घर दाखीव."

संघर्षनं विमान दौंडवर आणलं होतं. लाल कौलांची घरं, टोकदार झाडं, आरशासारखी नदी.

"हे कुणाचं गाव म्हणायचं?"

"हेच दौंड, आई. वरून असंच दिसतं."

"आन् नदीवरली जलपर्णी?"

"ती गेममध्ये नसते."

तेवढ्यात विमान कशाला तरी धडकलं होतं. तिला उठून पाणी प्यावं लागलं होतं. पडद्यावर सगळं पहिल्यापासून सुरू झालं, तसा तो हसला होता. "गेममध्ये मरत नाही कुणी," तो म्हणाला होता.

आता तिला काही समजेना. वरून असंच दिसतं, असं त्यानंच सांगितलेलं. मग खऱ्या विमानातूनही असंच दिसणार, त्यात नवल काय? खेळ करणाऱ्यांनी खऱ्याचं बघूनच केला असणार की. पण कौलं? ती फोन घेऊन पुन्हा गच्चीवर गेली. चटका बसत होता, तशीच अनवाणी उभी राहून फोनमध्ये बघायची, समोर बघायची. समोर पत्रे, निळी मेणकापडं, पाण्याच्या काळ्या टाक्या. फोनमध्ये कौलं. समोर यार्डात मालगाडीचे तांबडे डबे एकामागं एक लागलेले. फोनमध्ये नुसते रूळ. तिच्या पायाशी लालभडक चादर, तिच्यावर हंडा. फोनमध्ये तिच्या घराच्या जागी एक टोकदार झाड.

फोन तिच्या हातातच वाजला.

"मिळाला का व्हिडिओ?" संघर्षनं विचारलं.

"मिळाला. लई भारी आलाय."

"चादर दिसली मला, आई."

तिला इतकं हायसं वाटलं की ती कठड्याला टेकली. "दिसली?"

"दिसली की. निळी. लांबूनच दिसली."

गिताबाईनं खाली बघितलं. वाऱ्यानं लाल चादरीचा एक कोपरा विटेखालून सुटला होता आणि फडफडत होता.

"व्हय," ती म्हणाली. "निळीच टाकली व्हती."

तिनं सुटलेला कोपरा पायानं दाबून धरला.

"तू कुठं हायस आता?"

"इथंच. विमानतळावर. आत्ताच उतरलो."

त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली. एक झाली, मग दुसरी. विमानतळावर कोण कुकर लावतं, असं तिनं विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. जेवलो म्हणाला.

खाली येऊन तिनं कॉम्प्युटरच्या टेबलाचा कप्पा उघडला. काळा दांडा तिथं नव्हता, हे तिला ठाऊक होतं, तरी उघडला. मागच्या खेपेला आला तेव्हा तो पिशवीत भरून घेऊन गेला होता. "खरं विमान हाताशी असताना हे खेळणं कशाला रं?" तिनं विचारलं होतं. "हात बसलेला राहतो," तो म्हणाला होता. त्या खेपेला तो धड जेवलाही नव्हता. यार्डात इंजिनानं भोंगा दिला की दचकायचा. रुळांच्या कडेला वाढलेलं पोर ते. वर कसं वाटतं, हे तिनं कौतुकानं विचारलं होतं. "आवाज खूप असतो," तो म्हणाला होता. "सीट सगळी थरथरते. गेममध्ये तसं नव्हतं." आणि उठून बाहेर गेला होता.

गिताबाईला भीती वाटायला लागली. पोरगं विमानात नाही, तर मग आहे कुठं? सकाळी उठून जातं कुठं? का जातच नाही? दार लावून, दांडा टेबलाला लावून, कुणाच्या तरी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून दौंडवरनं फिरतंय एकटंच? आणि हे त्याच्या बापाला कोण सांगणार? साहेबराव रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा. आठ दिवस यार्डातल्या प्रत्येकाला धरून धरून सांगत होता, रविवारी वर बघा, माझा पोरगा जाणार आहे.

साहेबराव संध्याकाळी आला तेव्हा पार्वतीबाई दारातच बसलेली. तिच्याबरोबर आणखी दोन-चार बायका.

"दाजी, दिसलं का इमान?"

"न दिसायला काय झालं," साहेबराव म्हणाला. "पाटसच्या अंगानं आलं, पुलावरनं गेलं. हिरवी झेंडी दाखवली म्या त्याला. म्हणलं, जा बाबा, लाइन मोकळी हाय."

बायका हसल्या. आत भाकरी थापता थापता गिताबाईचा हात थांबला. ह्यांनी बघितलं? यार्डात उघड्यावर उभा असलेला माणूस, झेंडी दाखवली म्हणतो. मग आपणच येड्या. मेणकापडांच्या निळ्यात त्याचा डोळा फसला असेल. कुकर कुणाचाही असेल, विमानतळावर माणसं जेवत नाहीत का? तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि तिला एकदम भूक लागली, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

साहेबरावनं पाय धुवायला फार वेळ लावला. आत येऊन तो ताटावर बसला. गिताबाईनं फोन त्याच्यापुढं धरला.

"व्हिडिओ धाडलाय त्यानं."

त्यानं जेवता जेवता बघितला. नदी, पूल, रूळ. संपला तसा फोन पालथा ठेवला.

"चांगला हाय," तो म्हणाला.

"यार्ड रिकामं दिसतंय त्यात."

"उन्हात न्हाई दिसत कवा कवा."

तिनं दुसरी भाकरी वाढली. तो आमटीत कुस्करत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "मालगाडी कालच्या रातीपासनं हुबी हाय तिथं. म्या तिच्याच सावलीला बसलो व्हतो."

गिताबाईनं तवा खाली उतरवला.

"तू चादर कंची टाकली व्हतीस?"

"लाल."

"त्यो काय म्हणाला?"

"निळी."

साहेबरावनं मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतो तशी.

"मंग तुम्ही बघितलं म्हणालात ते? झेंडी?"

"सगळी वर बघत हुबी व्हती, गिता. माझ्याकडं बी बघत व्हती. काय सांगू त्यास्नी? म्हणलं, गेलं." त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. "त्यो व्हिडिओ माझ्या बी फोनवर आलाय. दुपारीच बघितला म्या."

बाहेर पार्वतीबाई अजून विमानाचंच सांगत होती. तिच्या सांगण्यात विमान आता इतकं खाली आलं होतं की संघर्षचा हात दिसला होता. आत दोघांनीही ते ऐकलं. गिताबाईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, साहेबरावसमोर कशाला पुसायचे.

"रागावणार का त्याला?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल? भ्यालं असंल. मला पहिल्या दिवशी यार्डात उभं केलं व्हतं, तवा दोन्ही बाजूंनी गाड्या आल्या आन् म्या खांबाला मिठी मारली व्हती. कुणाला सांगितलं न्हाई आजवर." त्यानं ताटात हात धुतला. "उद्या रजा टाकलीय. बारामतीच्या पहिल्या गाडीनं जाऊ. भाकरी बांधून घे, त्याच्या वाटणीचीबी."

"त्याला फोन करू का, येतोय म्हणून?"

"नगं. फोन केलास की पुन्यांदा विमानात जाऊन बसंल."

ती गच्चीवर जाऊन लाल चादर घेऊन आली. ऊन जाऊन बराच वेळ झाला होता तरी चादर गरम होती, आणि हंड्याचा गोल ओला डाग मध्ये उमटला होता. ती चादर झटकून तिनं घडी केली आणि पिशवीत घालायला घेतली. पोराकडं पांघरायला काय आहे, कुणास ठाऊक.

साहेबराव कॉटवरून उठून उभा राहिला. त्यानं खालची निळी चादर ओढून काढली आणि तिच्याकडं दिली.

"ही घे," तो म्हणाला. "त्यानं हीच बघितलीय."