दारात अडकलेली पृथ्वी

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. दुकानात मिळतो तसा गुळगुळीत मात्र नाही. मी प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांचा आहे. जवळून पाहिलंत तर माझ्या अंगावर पायऱ्या दिसतील. चार पावलं मागे सरकलात की मी गोल होतो. खोडाळ्याच्या एका शाळेत, भूगोलाच्या खोलीत माझा जन्म झाला. साल दोन हजार चार. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते.

त्या वर्षी मुंबईच्या एका संस्थेने शाळेला दोन पोती ठोकळे भेट दिले. शहरातल्या मुलांनी खेळून टाकलेले. त्यांत चाकं होती, खिडक्या होत्या, डोकं नसलेली माणसंही होती. भूगोल शिकवणाऱ्या हर्षदाबाईंनी पोती उलटी केली आणि सातवीच्या मुलांना म्हणाल्या, "यातून आपण पृथ्वी करायची. मोठी. मागच्या बाकावरून आफ्रिका दिसली पाहिजे."

मुलांनी सुपं आणली आणि तांदळातले खडे निवडावेत तसे रंग निवडले. जव्हारचे सुतार निजामचाचा शाळेचे बाक दुरुस्त करायला आले होते. त्यांच्याकडे माझ्या बैठकीचं काम आलं.

"मॅडम, पृथ्वी हवेत तरंगते म्हणतात ना? मग बैठक कशाला?"

"तुम्हाला तरंगवता येत असेल तर तसं करा, चाचा."

"तसलं लाकूड जव्हारच्या वखारीत मिळत नाही," असं म्हणून त्यांनी सागाचं एक गोल कडं केलं आणि त्याला तीन पाय लावले. त्या कड्यात दक्षिण ध्रुवापासून मी थराथराने वाढू लागलो.

माझे थर लावण्यात सगळ्यात हुशार होती मंगळी. ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर तिसरा बसला पाहिजे, नाहीतर भिंत फाटते, हे तिला सांगावं लागलं नाही. पण निळे ठोकळे संपले तेव्हा तिनेच काम थांबवलं.

"बाई, निळं संपलं. पाणी कमी करू?"

"पाणी कसं कमी करणार? पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन. पाठ आहे ना?"

"पाठ आहे. पण खरं नाय वाटत." मंगळी ठोकळा हातात फिरवत म्हणाली, "एवढं पाणी हाय, मग आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर कशाला येतो? माझी आई झऱ्यावर रांग लावून वाटीवाटीनं हंडा भरते. तीन भाग पाणी कुठं लपलंय?"

वर्गात हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. "समुद्र बघितलायस कधी?"

"नाय."

"मग बघितल्यावर ठरव."

"बघितल्याबिगर मी मानणार नाय," मंगळी म्हणाली. "तुम्ही सांगता म्हणून निळं लावते. पण मनात नाय लावत."

मित्रांनो, माझ्या अंगावर जो सर्वांत नेटका निळा रंग आहे, तो माझ्यावर विश्वास नसलेल्या मुलीने लावलेला आहे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फक्त तिला एकदा समुद्र दिसावा, एवढंच वाटे. मोखाड्याच्या एका शाळेलाही अशीच पोती मिळाली होती. त्यांना किल्ल्यासाठी लाल ठोकळे हवे होते. त्यांना लाल देऊन बाईंनी निळे आणले, आणि पावसाळा सरता सरता माझ्या डोक्यावर उत्तर ध्रुव बसला.

माझं कौतुक फार झालं. बाजाराला आलेली माणसं खिडकीतून मला बघून जात. तालुक्याचे परीक्षक शाळेत येऊन मला बघून गेले आणि मला पहिला क्रमांक मिळाला. पुढचं प्रदर्शन जिल्ह्याचं, आणि ते डहाणूला. डहाणूला समुद्र आहे. ज्यांनी मला बांधलं त्यांनीच मला घेऊन जायचं होतं. मंगळीने ते ऐकलं आणि नुसतं "बरं झालं" म्हणाली. पण त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ दोनदा पुसली.

निघायच्या आदल्या दिवशी निजामचाचा पुतण्याची जीप घेऊन आले. चार जणांनी मला कड्यासकट उचललं आणि दाराशी आणलं. तिथे मी अडकलो. आडवा धरला तरी अडकलो, तिरका धरला तरी अडकलो. गोल वस्तूला कुठूनही धरा, ती तेवढीच रुंद असते.

हे आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तर आमच्याकडे भात साठवायची कणगी घरातच बांधतात. बांबू घरात आणायचा, घरातच विणायचा, शेणानं सारवायचा. ती कणगी जन्मभर तिथेच उभी राहते. मुलांनी मला तसंच बांधलं होतं, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या हर्षदाबाईंनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"कणगी कोण घराबाहेर काढतं का, बाई?" भावेश म्हणाला. हा मंगळीच्या बाकावरचा मुलगा. आशिया खंड त्याचा होता.

निजामचाचांनी दाराची चौकट हाताने चाचपली. "मी चौकट काढतो. उद्या परत बसवून देतो."

हेडमास्तर धावत आले. "सरकारी इमारत आहे, चाचा! चौकटीला हात लावायचा नाही."

"मग काय पृथ्वीला हात लावू?"

मला सोडून नुसती मुलं डहाणूला जाणार नव्हती. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळी माझ्याजवळ आली. विषुववृत्ताच्या थरावर तिने बोट फिरवलं.

"इथून उघडू या. अर्धी अर्धी झाली की कडेवर उभी करून निघंल."

"आणि फुटली तर?" भावेशने विचारलं.

"फुटली तर बांधू. तू आशिया कर, मी पाणी करते."

तिने पोटावरचा तो थर ठोकळा ठोकळा करून काढला. चौघांनी माझा वरचा अर्धा भाग उचलून पालथा केला. दोन्ही अर्ध्यांच्या पोकळीत भाताचा पेंढा ठासला, तोंडावर फळ्या धरल्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकीण हौशीमावशींच्या लुगड्यांनी आवळून बांधलं. मग मला भाकरीसारखा कडेवर उभा करून दारातून सरकवलं. वरचा भाग निघाला. खालचा निघाला. तेवढ्यात टप्पकन आवाज झाला.

"बाई, जपान निखळला!"

"खिशात ठेव," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दक्षिण गोलार्ध जीपच्या टपावर आणि उत्तर गोलार्ध मागच्या सीटवर मुलांच्या मांडीवर, असे आम्ही जव्हारवरून डहाणूला गेलो. प्रत्येक वळणाला निजामचाचा पुतण्याला सांगत, "हळू चालव रे, दुनिया बसलीये मागे."

डहाणूच्या शाळेत मला पुन्हा जोडलं. भावेशने खिशातून जपान काढून जागेवर बसवला. परीक्षणाला वेळ होता, म्हणून बाई मुलांना किनाऱ्यावर घेऊन गेल्या. मी काही तिथे नव्हतो. पण परत आल्यावर भावेश निजामचाचांना जे सांगत होता, ते मी ऐकलं.

मंगळी वाळूत बराच वेळ उभी राहिली म्हणे. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी, समोर आभाळापर्यंत पाणी. मग म्हणाली, "हाय. बाई खरं बोलत होत्या." आणि पुढे जाऊन तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"थुंकली ना!" भावेश हसत होता. "मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की खारट असतं. तर मला म्हणते, पुस्तकात निळं पण लिहिलंय, हे तर मातकट हाय."

मंगळी मात्र हसत नव्हती. ती माझ्यासमोर उभी होती आणि बाईंना विचारत होती, "पिण्याचं किती, बाई? यातलं गोडं पाणी किती?"

"शंभर भाग पाणी धरलं तर गोडं जेमतेम तीन. त्यातलंही बरंचसं बर्फ."

"मंग आपल्या हाती लागतं ते?"

"शंभरात एकही भरणार नाही."

"मग माझा रंग चुकला," मंगळी म्हणाली. "सगळं एकसारखं निळं दाखवलं. बघणाऱ्याला वाटंल, सगळं प्यायचंच हाय."

दुरुस्तीसाठी बाईंनी उरलेले ठोकळे पिशवीतून आणले होते. त्यांत काचेसारखे पारदर्शक ठोकळेही होते. त्यांचं काय करावं हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. मंगळीने त्यांतले मूठभर घेतले आणि माझ्या अंगातले काही ठोकळे उपसून त्यांच्या जागी ते बसवू लागली.

"अगं, परीक्षक येतायत!" भावेश ओरडला. "मार्क जातील!"

"जाऊ दे मार्क. खोटं कशाला दाखवायचं?"

बाईंनी तिला अडवलं नाही. परीक्षक समोर आले तेव्हा मंगळीच्या हातात शेवटचा ठोकळा होता. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "हे पारदर्शक काय आहे?"

"नद्या, तळी, झरे. आपल्याला प्यायला मिळणारं पाणी."

"इतकंच?"

"एवढं पण जास्त झालं, सर," मंगळी म्हणाली. "ठोकळा याच्याहून बारीक नाय मिळाला."

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर एका ज्वालामुखीला गेला. त्यातून खरोखरीचा धूर निघत होता. परतीच्या जीपमध्ये मुलं गाणी म्हणत होती, आणि मंगळी माझा वरचा अर्धा भाग मांडीवर घेऊन बसली होती. आता ती मला मानत होती.

त्याला बरीच वर्षं झाली. मंगळीची तुकडी शाळेतून गेली, हर्षदाबाईंची बदली झाली. मधे काही वर्षं मी कोपऱ्यात पडून होतो. उन्हाने माझा पॅसिफिक फिका पडला, आणि ऑस्ट्रेलियाचं टोक कुणीतरी गाडी करायला नेलं. ठोकळे खेळण्यासाठीच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा एखादा खंड नेलात तरी कुणीतरी तो पुन्हा बांधेल. धूळ पुसायला विसरलात तरी मी रागावणार नाही.

पण मित्रांनो, एक गोष्ट मागतो. माझ्या अंगावरचं मूठभर पारदर्शक पाणी एकदा नीट बघा. मग तुमच्या पाड्याच्या झऱ्यावर जा. तिथे पालापाचोळा पडला असेल, कुणी प्लॅस्टिकची पिशवी टाकली असेल, तर आधी ती काढा आणि मगच हंडा बुडवा.