वेणीमाधवांचं बोट

शिवरामभट आठल्ये काशीत जन्मले, काशीतच वाढले, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांनी वेद म्हणण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. मंगला गौरीच्या देवळामागे त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. घरात ते आणि त्यांची बायको अन्नपूर्णा, दोघंच. सन एकोणीसशे तेरा साली ते चौतीस वर्षांचे होते. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, आणि पारायणाला बसले की ते कुठेही अडत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. गल्लीतले लोक म्हणत, शिवरामभटांच्या समोर पोथी धरून बसणं म्हणजे विश्रांती.

त्या वर्षी माघात दूधविनायक मोहल्ल्यात एका घरी सात दिवसांचं पारायण होतं. म्हणणारे शिवरामभट, आणि समोर पोथी धरून ऐकायला वेणीमाधव. वेणीमाधव त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, फार थोडं बोलणारे आणि जाणकार. ऐकणाऱ्याचं काम एवढंच, की म्हणणारा चुकला तर हात वर करून त्याला थांबवायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका ऋचेच्या शेवटी शिवरामभटांना दिसलं, की वेणीमाधवांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. क्षणभरच. मग ते बोट खाली गेलं. थांबवलं तर कुणी नाही. शिवरामभट पुढे म्हणत राहिले आणि सात दिवस पुरे झाले. शेवटी यजमानांनी शाल दिली, वेणीमाधवांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले. त्या बोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

घरी येताना शिवरामभटांनी ती ऋचा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली. बरोबर वाटली. घरी पोथी काढली. शेवटच्या शब्दातलं एक अक्षर वरच्या स्वरात होतं, आणि तेही ते वरच म्हणत होते. त्यांनी शेजारून छापील पोथी मागून आणली. तीही तशीच. मग बोट का वर गेलं? आपण म्हणताना स्वर खाली गेला असेल आणि आपल्याला कळलंही नसेल, असं त्यांना वाटलं. पंचवीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, हेही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे संथा म्हणताना ते त्या ऋचेजवळ आले आणि जीभ थबकली. ते अक्षर वर न्यायचं की खाली, हे त्यांनी आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप जायचं. आता ते ठरवावं लागत होतं, आणि ठरवायला गेलं की दोन्ही बरोबर वाटायचं. त्यांनी मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की ती ऋचा यायला पान-दीड पान असतानाच आपले तळवे ओले होतात.

अन्नपूर्णा आतून ऐकत असे. लग्न होऊन पंधरा वर्षं ती रोज पहाटे स्वयंपाकघरात हेच ऐकत आली होती. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही तिथे चुकत नाही हो. तुम्ही तिथे थांबता."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी थांबत नव्हतात."

शिवरामभटांना ते उत्तर पटलं नाही आणि खोटंही म्हणता येईना. त्यांना वाटलं, हिलासुद्धा कळलं. मग गल्लीत कुणाला कळलं नसेल?

तेव्हापासून त्यांना जिथे तिथे तेच दिसू लागलं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर दोघं वैदिक बोलता बोलता हसले, तर ते आपल्यालाच. पुढच्या आठवड्यात गल्लीत ढुंढिराज समोरून आले आणि मान खाली घालून निघून गेले. ढुंढिराज दरवर्षी चैत्रात आपल्या दालनात वसंतपूजा करत. शहरातले निवडक वैदिक त्या दिवशी तिथे मंत्र म्हणायला बसत, आणि शिवरामभटांची जागा गेली नऊ वर्षं ठरलेली होती. त्या ढुंढिराजांनी ओळख दाखवू नये, याचा अर्थ शिवरामभटांनी एकच लावला. वेणीमाधवांनी सांगितलं असणार.

फाल्गुनात दोन ठिकाणची बोलावणी आली. दोन्हीकडे त्यांनी तबियत बरी नाही असं कळवलं. पैकी एक घर ढुंढिराजांच्या मेव्हण्याचं होतं. चैत्र आला, वसंतपूजा झाली, आणि शिवरामभटांना निरोप आला नाही. त्या दिवशी ते दिवसभर घरात बसून होते. संध्याकाळी ते अन्नपूर्णेला म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणि हे म्हणताना आपल्या आवाजात थोडं समाधान आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते कसलं समाधान, हे मात्र त्यांना उमगलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. शिवरामभट आजारी असतात अशी बातमी एकदा पसरल्यावर लोक दुसऱ्यांना बोलावू लागले. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. आजारी माणसाला सात दिवस बसवायचं कसं, एवढाच विचार. पण शिवरामभटांच्या हिशेबी प्रत्येक न आलेलं बोलावणं त्या एका अक्षरापाशी जाऊन पोचत होतं.

अन्नपूर्णेचा भाऊ बिंदुमाधव कलेक्टर कचेरीत कारकून होता. भाद्रपदात तो बहिणीकडे आला आणि त्याने सांगितलं, की जौनपूरच्या सरकारी शाळेत संस्कृतच्या पंडिताची जागा निघाली आहे. अर्ज त्याने लिहूनच आणला होता, सही तेवढी हवी होती. एरवी शिवरामभटांनी त्याला हसून परत पाठवलं असतं. त्या दिवशी त्यांनी सही केली. बिंदुमाधवालाच आश्चर्य वाटलं. "भावोजी, विचार करून सांगा, घाई नाही," असं तो म्हणाला, तर शिवरामभट म्हणाले, विचार करूनच तर ही वेळ आली आहे.

आश्विनात वेणीमाधवांचा निरोप आला. गंगेपलीकडे रामनगरला एका साहू सावकारांच्या घरी पारायण आहे, तुम्ही म्हणायला यावं, पोथी घेऊन मी बसेन. शिवरामभटांनी निरोप तीनदा ऐकला. हा माणूस पुन्हा आपल्यालाच का बोलावतो आहे? परक्या गावात, चार मोठ्या लोकांसमोर आपल्याला उघडं पाडायला? की दया आली म्हणून? दोन्ही कल्पना त्यांना सारख्याच असह्य वाटल्या. अन्नपूर्णा म्हणाली, जायचं नसेल तर नका जाऊ, पण त्यांना एकदा विचारून तरी या. आठ महिने जे विचारायचं ते विचारलंच नाहीत.

ते गेले ते विचारण्यासाठीच.

नावेत ते दोघं आणि नावाडी. पाणी अजून बरंच होतं, त्यामुळे नाव आधी काठाकाठाने वर नेऊन मग आडवी घालावी लागत होती. नाव मध्यावर आल्यावर शिवरामभटांनी धीर करून विचारलं, "वेणीकाका, माघात दूधविनायकाला तिसऱ्या दिवशी तुम्ही बोट वर केलंत. मी काय चुकलो होतो?"

वेणीमाधवांना आधी कळेचना. कुठलं बोट, कुठला दिवस, कुठली ऋचा, असं दोन-तीनदा विचारून झाल्यावर ते आठवू लागले. मग त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट समोर धरलं. त्याचं नख वाकडं आणि काळपट झालं होतं. म्हणाले, माघात या बोटाला नखुरडं झालं होतं. खाली टेकवलं की जीव जायचा, म्हणून मधूनमधून वर धरत असेन. तुम्ही त्याकडे बघत होतात हे मला ठाऊकही नाही.

शिवरामभटांनी त्या नखाकडे पाहिलं. एवढंच होतं तर. त्यांना हसू यायला हवं होतं, हायसं वाटायला हवं होतं, पण आत काहीच हललं नाही. आठ महिने उचलून धरलेलं ओझं खाली ठेवायला जावं आणि हात उघडू नयेत, तसं त्यांचं झालं.

तेवढ्यात वेणीमाधव म्हणाले, "चुकलात मात्र. त्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी."

"काय चुकलो?"

"एक अख्खी ऋचा गाळलीत, असं मला वाटलं."

वेणीमाधव नेहमीच्या संथ आवाजात सांगत गेले. "मी हात वर करणार होतो. पण तुम्ही इतके निःशंक म्हणत होतात, की मला वाटलं माझंच लक्ष गेलं, माझीच ओळ सुटली. तुम्ही चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मग मीच गप्प राहिलो. पुढे महिनाभर माझ्या डोक्यात तेच. माझे कान गेले की काय, म्हणून मी कुठे पोथी धरायलाच बसलो नाही."

"मग खरं काय? गाळली होती की नाही?"

"अजून खात्री नाही," वेणीमाधव म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पुन्हा एकदा समोर बसून ऐकावं म्हटलं."

ती ऋचा कुठली, ते त्यांनी सांगितलं. शिवरामभटांनी मनात म्हणून पाहिली. सगळी होती, जागच्या जागी. ती आपण कधी गाळली असेल असं त्यांना कुठल्याच बाजूने वाटेना. आणि जी कधीच चुकली नव्हती ती तिसऱ्या दिवशीची ऋचा मात्र मनात आणल्याबरोबर अडखळली.

रामनगरला पारायण सुरू झालं. पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अक्षर येणार होतं. शिवरामभट अंघोळ करून बसले तेच घाबरे होऊन. पण आता त्यांच्यापुढे दुसरीही भीती होती. पाचव्या दिवशीची ती अख्खी ऋचा सुटली तर? ती जर कळल्यावाचून सुटू शकते, तर आजही एखादी सुटत असेल. म्हणून ते प्रत्येक ऋचा संपली की पुढची हाताशी आहे ना, हे चाचपत जात होते. असं चाचपत बराच वेळ गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की अडणारी जागा दोन पानं मागे राहिली आहे. ती कधी गेली, कशी गेली, स्वर वर गेला की खाली, त्यांना काही आठवेना. समोर वेणीमाधव पोथीवर मान घालून बसले होते.

जेवणाच्या वेळी त्यांनी विचारलं.

"बरोबर म्हटलंत," वेणीमाधव म्हणाले. "मी त्या जागेची वाटच बघत होतो."

शिवरामभटांनी मान हलवली. पण जेवता जेवता त्यांच्या मनात आलं, हा भला माणूस. माघात अख्खी ऋचा गेली असं वाटूनही हा बोलला नाही. मग आजच्या 'बरोबर'चा भरवसा किती धरायचा?

पाचव्या दिवशी ती दुसरी ऋचा आली. शिवरामभटांनी ती सावकाश, एकेक पद सुटं करून म्हटली. वेणीमाधवांनी मान डोलावली. उरलेले दोन दिवस कुठे वाहून गेल्यासारखे गेले, कुठे अडत अडत. साहूंना त्यातलं काही कळलं नाही. ते तृप्त झाले आणि पुढच्या वर्षीही याच म्हणाले.

काशीला परत आल्यावर शिवरामभट सरळ ढुंढिराजांकडे गेले. आता सगळंच विचारून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ढुंढिराजांनी त्यांना बसायला सांगितलं खरं, पण बोलणं तुटक होतं. शिवरामभटांनी माघातली गल्लीतली भेट काढली. ढुंढिराज म्हणाले, तेव्हा माझे डोळे आले होते. उन्हात मला समोरचा माणूस दिसत नव्हता.

"मग वसंतपूजेला निरोप का नाही पाठवलात?"

"माझ्या मेव्हण्याकडे तुम्ही तबियतीचं निमित्त सांगितलंत, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लोकांनी तुम्हाला घाटावर चांगलं हिंडताना पाहिलं," ढुंढिराज म्हणाले. "मला वाटलं, शिवरामभटांना आता आमची घरं लहान वाटू लागली. सात महिने मला त्याचाच राग होता."

काय झालं होतं ते शिवरामभटांनी त्यांना सांगितलं. सांगता सांगता त्यांनाच ते वेडगळ वाटू लागलं. ढुंढिराजांचा राग गेला, त्यांनी दूध मागवलं, पण वसंतपूजेची जागा त्यांनी दुसऱ्या वैदिकाला कायमची देऊन टाकली होती आणि दिलेला शब्द त्यांना फिरवता येत नव्हता. रागावायचं ते कुणावर, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

कार्तिकात जौनपूरहून कागद आला. शिवरामभटांची नेमणूक झाली होती. रामनगरनंतर दोन-तीन बोलावणी पुन्हा आली होती, त्यामुळे काशीत राहिलं असतं तरी निभावलं असतं. अन्नपूर्णेने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "जायचं?"

"माझा विचार तर नव्हता कधी."

"सही तुमचीच आहे."

ते खरंच होतं. सही केली तेव्हा ती भीतीने केली होती, आणि भीती तर खोट्या गोष्टीची निघाली. पण नेमणूक खरी होती. दरमहाची मिळकत, राहायला घर, म्हातारपणी पेन्शन. खोट्यातून खरं कसं उगवतं, आणि उगवलंच तर ते घ्यावं की फेकावं, यावर त्यांनी चार दिवस विचार केला. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, आणखी विचार केला तर यातही एखादी जागा अडू लागेल. ते जातो म्हणाले.

शाळेत कोट घालावा लागतो असं बिंदुमाधवाने सांगितलं. त्याचाच एक जुना कोट अन्नपूर्णेने उसवून बेतला. निघायच्या आदल्या सकाळी शिवरामभटांनी तो अंगात घातला. खांद्यात दाटत होता. अन्नपूर्णेने त्यांना मागून, पुढून पाहिलं आणि बरा दिसतो की, म्हणाली. शिवरामभटांनी खाली आपल्या हातांकडे पाहिलं. बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या.

"काढू की राहू दे?" त्यांनी विचारलं.

"चालून बघा थोडं," ती म्हणाली.

ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, आणि परत आले.