पांढऱ्या तारेच्या कड्या

"ताई, त्या लताला सांगा, पांढरी तार शेगडीत घालत जाऊ नको म्हणावं. तिचा धूर गोड लागतो."

केरूमामा हे मला नळावर म्हणाले. तीस वर्षं वेल्डिंग करून निवृत्त झालेला माणूस. सातपूरच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एकटेच राहायचे. माझ्या कडेवर उत्पला, एका हातात बादली, आणि मागे बायकांची ओरड, की आटपा.

"गोड लागतो तर बरंच की मामा, साखर वाचेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकेल ती," एवढं बोलून हंडा उचलून गेले.

मी लताला काही सांगितलं नाही. विसरले म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. घरच्या शेगडीवर तार तापवली तर काय होणार, असं मला वाटलं. शिवाय माझ्या जिवाला त्या दिवसांत वेगळाच घोर होता. उत्पला दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. जमिनीवर दिसेल ते तिच्या तोंडात जायचं. आणि भिंतीपलीकडे लताच्या खोलीत जमिनीवर हजारो लोखंडी कड्या पसरलेल्या, मटाराच्या दाण्याएवढ्या. मी दिवसातून दहा वेळा लेकीच्या गालात बोट फिरवून बघायची.

त्या कड्या आल्या त्या एका चिलखतामुळे. लताचा नवरा सहादू स्प्रिंगच्या एका लहानशा वर्कशॉपात कामाला होता. त्र्याऐंशी सालच्या भाद्रपदात त्याच्या मालकाकडे येवल्याकडच्या एका घराण्यातले लोक गोणपाटात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आले. खंडेनवमीला त्यांच्याकडे शस्त्रं पुजतात, त्यातलंच हे जुनं चिलखत. काखेत गंजून वीतभर फाटलेलं. सोनार हात लावीना, लोहार म्हणाला एवढं बारीक मला दिसत नाही. स्प्रिंगवाल्याकडे तार असते, कड्या असतात, म्हणून इकडे आले. मालकाने ते सहादूच्या गळ्यात मारलं, की घरी ने आणि बघ काय होतं ते.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. चिलखतावर परीक्षेत चार ओळी लिहून मार्क मिळवले होते. पण प्रत्यक्ष हाताला लागलं ते सातपुरात, शेजाऱ्याच्या ओट्यावर. उचलायला गेले तर बारा-तेरा किलोचं धूड, आणि तरीही ओल्या वाळूसारखं बोटांतून घसरत होतं. एक कडी धरून बघितली तर ती शेजारच्या चार कड्यांतून गेलेली. त्या चारांतली प्रत्येक पुन्हा आणखी चारांतून. आणि दर कडीचं तोंड खसखशीएवढा खिळा ठोकून बंद केलेलं. दर कडीचं.

सहादूने ते अंगात घातलं. मग त्याला हातच वर करता येईना.

"आता काढा मला ह्यातनं," तो ओरडला.

"राहू दे तसाच," त्याची आई भिमाबाई म्हणाली. "रातच्याला बाहेर तरी जाणार न्हाईस."

लता मात्र हसत नव्हती. ती खाली बसून फाटलेल्या कडेला बोट लावून बघत होती. "वैनी, हे बाईनंच केलेलं आसंल," ती मला म्हणाली. "बाप्याला एवढा दम कुठला?"

उत्पलाच्या खाण्याझोपेच्या नोंदी मी एका वहीत ठेवायची, तिच्यातलं एक पान फाडून मी त्यावर त्या विणीचं चित्र काढून दिलं, एक कडी मध्ये आणि चार भोवती. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र तिने एकदाच पाहिलं. सहादूने सळईवर तार गुंडाळून लांबच लांब स्प्रिंग केली आणि ती उभी कापली, की झाल्या कड्या. दोन पकडी घेऊन लता बसली. खिळे ठोकणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तोंडाला तोंड भिडवून नुसती दाबायची. नवमीच्या आधी चिलखत सांधून झालं. नवं कुठलं आणि जुनं कुठलं, ते चमक पाहूनच कळायचं.

उरलेल्या कड्यांचा तिने बोटभर रुंद पट्टा विणला आणि मनगटाला बांधला. बसमध्ये कॉलेजच्या दोन मुलींनी तो हातात धरून पाहिला. मग मेन रोडवरच्या एका दुकानदाराने पाहिला. तेव्हा ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची फॅशन होती, काळपट रंगाचं, जुन्यासारखं दिसणारं. तो म्हणाला, गळ्यातलं, कानातलं, हातातलं, लागेल तेवढं दे, फक्त पांढरं नको, काळं हवं. आणि मऊ तारेचं, गळ्याला टोचता कामा नये.

पांढरी तार, म्हणजे जस्त चढवलेली, भंगारात सहज मिळायची. ती कोळशाच्या शेगडीत लाल केली की जस्त उडून जायचं आणि तार काळी पडायची, मऊही व्हायची. हा शोध लताचाच. तिला त्याचा फार अभिमान होता.

आणि मी काय केलं? मी तिला म्हटलं, "लता, कामाला बसलीस की दार लावून घेत जा ना. ही कधी आत शिरेल नेम नाही."

"लावते की," ती म्हणाली. "वैनी, तुमची लेक म्हंजी कोंबडीच हाय. टिपतच आसती."

तेव्हापासून दुपारी तिचं दार बंद. मागची खिडकी थंडीमुळे पुठ्ठा लावून आधीच बुजवलेली. मी निर्धास्त झाले. नाशकाची थंडी, दार बंद, आत शेगडी आणि उबेला बसलेली लता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकदा ती चहाला आली नि म्हणाली, "साखर किती घातली हो?"

"नेहमीचीच."

"मला तर पाणीबी गोड लागतंय आज."

मी हसून विचारलं, "दिवस तर राहिले नाहीत ना?" ती लाजली. मामांचं बोलणं माझ्या कानात होतं आणि तरी ते ह्याच्याशी जोडायचं मला सुचलं नाही. माझं सगळं शिक्षण त्या क्षणी कुठे होतं, कोण जाणे.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, अंग मोडून यायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचा. हिवतापाच्या गोळ्या झाल्या. भिमाबाईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मग खोकला लागला आणि तो काही जाईना. भिमाबाईची एक नणंद क्षयाने गेलेली. ती म्हणाली, "सुरुवात आशीच हुती तिची." डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली होती, पण तपासायच्या आधीच घरात लताचं ताट वेगळं झालं.

ताट तिथे वेगळं झालं, कप माझ्याकडे. एक कानतुटका कप मी तिच्यासाठी बाजूला काढला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने तिच्यापुढे ठेवला. तिच्या लक्षात आलं. "आसू द्या वैनी, लेकरू हाय घरात," ती म्हणाली. चहा प्यायली, कप स्वतःच विसळला आणि आमच्या कपांपासून लांब पालथा घातला. उत्पला तिच्याकडे झेपावत होती. तिने हात मागे घेतले.

त्यानंतर ती आली नाही.

आमचे हे म्हणायचे, तू त्या वहीपायी वेडी होशील. उत्पलाच्या वहीत मी तारीखवार सगळं लिहायची. किती वेळा प्यायली, शी कशी झाली, अंग गरम का वाटलं. संसर्गाच्या भीतीने त्यात लताचंही लिहिलेलं असायचं, "शेजारी ताप. तिकडे नेलं नाही." संक्रांतीनंतर एका दुपारी उत्पलाला झोपवून मी ती वही चाळत होते. भिंतीवर कॅलेंडर होतं. सहज एक तारीख पाहिली, तर रविवार. दुसरी पाहिली, तीही रविवार. पाचही वेळा रविवार.

क्षय वार बघून येत नाही, एवढं मलाही कळत होतं. सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी. शनिवारी सहादू घरी, खोलीत माणसं, तेव्हा लता शेगडी पेटवायची नाही. रविवारी पुन्हा काम सुरू, आणि त्याच संध्याकाळी ताप.

मी झोपलेल्या लेकीला तशीच उचलून मामांच्या खोलीकडे पळाले.

"मामा, त्या धुराने ताप येतो?"

"येतो की. जस्ताची पायपं जोडायला आली की आम्हाला सगळ्यांना यायचा. दूध प्यायचो, गूळ खायचो, दुसऱ्या दिवशी कामावर."

"मग हिला रोज का नाही येत? फक्त रविवारी का?"

"रोज घेतला की अंग सरावतं. सुट्टी पडली की सवय मोडती. आम्ही मुंबईला सोमवारचा ताप म्हणायचो त्याला. तिथं सुट्टी रविवारी ना." मग थांबून म्हणाले, "पण आम्ही उघड्यावर होतो. ही कुठं जाळती?"

"खोलीत. दार लावून."

मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. "मग ताप जाऊ द्या," ते म्हणाले, "छाती धरंल तिची. आधी जाऊन सांगा."

लताचं दार उघडं होतं. आत भिमाबाई झाडत होती. "आजच सकाळी गेली," ती म्हणाली. "भाऊ आलता, मल्हारी. नांदगावला न्हेली. तिकडं हवा चांगली."

"आणि ती तार? शेगडी?"

"ती बी न्हेली की. दुकानाचं काम हाय ना. तिकडं निवांत बसंल."

मी खोलीत नजर फिरवली. फळीवर, दाराच्या आतल्या अंगाला, कोपऱ्यातल्या जळमटांवर पांढरं, हलकं काहीतरी साठलं होतं, पिंजलेल्या कापसासारखं. मी बोट लावलं तर बोट पांढरं झालं.

"चुना पडतोय भिंतीचा," भिमाबाई म्हणाली आणि त्याच्यावरून केरसुणी फिरवली.

तो चुना नव्हे, तारेवरून उडालेलं जस्त आहे, इथपासून मी तिला सगळं समजावून सांगितलं. सहादू कामावरून आल्यावर त्यालाही सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "वैनी, आमी कारखान्यात रोज धूर खातो. कुणाला काय झालंय?" तरी निरोप देतो म्हणाला.

माघात मी स्वतः एसटीने नांदगावला गेले, उत्पलाला घेऊन. घर सापडलं, पण लता भावाच्या मळ्यात कांद्याला गेलेली. भावजय कुसाबाई भेटली.

"बऱ्या हायेत आता. ताप येतो आधनंमधनं."

"तार जाळते का अजून?"

"तर! ते काम लय जोरात हाय. माळवदाच्या खोलीत बसत्यात, एकल्याच."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, एक तर जाळायचीच नाही, आणि जाळलीच तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसून. ती प्रत्येक वेळी मान हलवून "सांगते की" म्हणत होती आणि डोळ्यांनी चुलीवरचं दूध सांभाळत होती. तोवर उत्पलाने रडून आकांत मांडला, आणि शेवटची गाडी चुकली असती. मी लताला न भेटताच परतले.

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. सहादूने सातपूर सोडलं, भिमाबाईही गेली, त्यांच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. पत्र तिला कुणी वाचून दाखवलं असेल का, तेही माहीत नाही. गेल्या महिन्यात मेन रोडवरच्या त्या दुकानात काचेच्या पेटीत गळ्यातलं एक दिसलं. एका कडीत चार, सुरेख, एकसारखं, आणि काळं कुळकुळीत.

"नांदगावहून एक बाई पाठवते," दुकानदार म्हणाला. "असा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

मी म्हटलं, "पांढरंच घेत जा ना तिच्याकडून. न जाळलेलं."

"पांढरं कोण घेतं बाई? पोरींना काळंच हवं."

म्हणजे लता जिवंत आहे, आणि जाळते आहे. त्या दुकानात उभी असताना मला एवढंच कळलं. तिचा खोकला कसा आहे, जिना चढताना दम लागतो का, ते काळ्या कड्यांवरून कळत नाही.

मला आता सातवा महिना लागलाय. मागच्या आठवड्यात थोडा त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केलाय, आणि ह्यांना माझं नांदगावचं बोलणं म्हणजे वहीसारखंच एक वेड वाटतं. म्हणून हे तुम्हा वाचकांना लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी नांदगावचं असेल, किंवा कामानिमित्त तिकडे जाणार असेल, तर बाजारपेठेच्या मागच्या आळीत मल्हारीचं घर विचारा, कड्यांचे दागिने करणाऱ्या लताबाईच्या भावाचं. बरी आहे असं घरातलं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर परत फिरू नका. मी तीच चूक केली. ती मळ्यात असेल तर मळ्यात जा, वर असेल तर वर जा. तिला समोर बसवा, दोन वाक्यं बोलू द्या, आणि बोलताना तिचा श्वास पुरतो का ते बघा.

एवढं कराल का? आणि मला कळवाल?